अलगद कुठेही वापरलेलं नाही

इशारा: 'अलगद' लिहिलेलं आहे, कुठेही वापरलेलं नाही.

एवढंच. पिवळ्या अक्षरांत. वर आणि खाली तसल्याच पिवळ्या ओळींची रांग होती, आणि मी सकाळपासून त्या भाजी निवडावी तशा निवडत बसले होते. ही टाकायची, ही धुऊन घ्यायची, ही नंतर बघू. जुना कोड नव्या कंपायलरमधून काढायचा म्हणजे दुसरं काय असतं? आपण कधीकाळी लिहिलेलं, इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं काहीतरी एका अनोळखी, कडक माणसासमोर मोठ्याने वाचायचं आणि त्याने प्रत्येक वाक्याला अडवायचं. हे कोण? हे कुठून आलं? याला किंमत कधी दिली? जुना कंपायलर घरातला होता, त्याला आमच्या सवयी ठाऊक होत्या. तो एकेक फाइल वेगळी घ्यायचा, मान डोलवत वाचायचा, राहिलंसाहिलं स्वतःच समजून घ्यायचा आणि चिपला कळेल अशा भाषेत उतरवून द्यायचा. हा नवा सगळ्या फाइली एकदम जमिनीवर पसरतो, कोण कुणाला बोलावतं त्याच्या रेघा ओढतो, आणि ज्याला कुणीच बोलावत नाही त्याचं नाव वाचून दाखवतो. मी ते नाव वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. पुढच्या ओळीत काय होतं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की माझे तळपाय गार पडले. बुटांच्या आत, मोज्यांच्या आत, दोन्ही एकदम, जसा कुणी जमिनीखालचा दिवा मालवला असावा.

अलगद माझं आहे. आमची कंपनी लिफ्टचा मेंदू बनवते. लिफ्टची खोली, दोर, दारं दुसरे लोक करतात, आम्ही फक्त ती पेटी करतो जी ठरवते की आता वर जा, आता खाली जा, आता थांब. जाणं सोपं असतं. सगळी विद्या थांबण्यात आहे. दोराला टांगलेली खोली, आत माणसं, माणसांच्या हातात पिशव्या, कडेवर मुलं, कुणाचं नुकतंच जेवण झालेलं, कुणाच्या पोटावर टाके घातलेले, आणि ही सगळी वरात मजल्याशी अशी आणून टेकवायची की कुणाच्या गुडघ्याला कळू नये. वेग कसा कमी करत न्यायचा, याचं एक वळण मी मांडलं होतं. गणिताने मांडलं होतं. प्रत्येक क्षणी लिफ्टचं वजन, वेग, उरलेलं अंतर घ्यायचं आणि पुढच्या क्षणाचा वेग नव्याने काढायचा. तो तुकडा म्हणजे अलगद. नाव गुरुजींनी ठेवलं. गुरुजी म्हणजे आमचे थोरले इंजिनीअर, शिकवायची खोड होती म्हणून सगळे गुरुजी म्हणत, मीही. बाकीचा सगळा कोड त्यांचा आणि त्यात हा एक तुकडा माझा. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये शिरले की बोलत नाही. लोक आकडे बघतात, मोबाइल बघतात, मी तळपायांनी ऐकते. बँकेत, दवाखान्यात, बहिणीच्या इमारतीत, परक्या गावातल्या हॉटेलात. आमच्या कंपनीची पेटी असली की मजला जवळ येताना पायांखाली जे काही मवाळ होत जातं, ते मला दुसऱ्या कुणाचं वाटलेलंच नाही. मी ते आतून ओळखते, आपल्या खोकल्यासारखं.

पुन्हा.

म्हणजे मी पुन्हा कंपाइल केलं. काहीही न बदलता. असं आम्ही सगळेच करतो आणि कुणालाच कबूल करत नाही. न बदललेली गोष्ट पुन्हा चालवली तर कदाचित उत्तर बदलेल, जसं रिकामा डबा माणूस पुन्हा उघडून बघतो. पंखा घुरघुरला, ओळी पळाल्या, आणि त्याच जागी तीच ओळ. लिहिलेलं आहे, कुठेही वापरलेलं नाही. मग मी गुरुजींची फाइल उघडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडे रीत होती, ज्याची फाइल त्याचा हात. दुसऱ्याच्या फाइलमध्ये डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटातले कपडे उलटेपालटे करणं. आणि एकदा तपासणीवाल्यांनी कोडला मंजुरी दिली की मग त्याला कुणाचाच हात नाही, एक टिंब हलवलं तरी सगळी मंजुरी नव्याने, म्हणून सोवळ्यातल्या भांड्यासारखा तो कोड तसाच्या तसा पेटीमागून पेटीत उतरत गेला. जुनी चिप आता मिळेनाशी झाली म्हणून नवी चिप, नवी चिप म्हणून नवा कंपायलर, आणि नवा कंपायलर म्हणून मी, कारण त्या वेळचं कंपनीत उरलंय कोण? मी आणि माझा नवरा. नवरा टेस्टिंगला आहे, त्याला कोड कळत नाही. गुरुजींच्या फाइलमध्ये, जिथे लिफ्ट मजल्याजवळ येते, जिथे अलगदला हाक मारलेली असायला हवी, तिथे हाक होती. तक्ता. तक्ता नावाच्या कशाला तरी. खाली तक्ता होता. आकड्यांची एक लांबलचक रांग, एवढं अंतर उरलं की एवढा वेग, एवढं उरलं की एवढा. गणित नाही, वळण नाही. पाढे. हाताने, चुकत माकत, एकेक आकडा घासून बसवलेले पाढे. मी एक आकडा वाचला, मग त्याखालचा, आणि वाचता वाचता माझ्या पायांना कळलं. हा मऊपणा मला ठाऊक होता. इथे किंचित थबकणं, मग सोडून देणं, मग शेवटच्या बोटभर अंतरात जवळजवळ लाजत टेकणं. ते सगळं इथे होतं. ज्याला मी माझं म्हणत आले ते इथे, या परक्या कपाटात, घडी घालून ठेवलेलं होतं.

इशारा: या ओळीच्या पुढे कोणीही पोचत नाही.

ही ओळ दुसऱ्या कुठल्या तरी फाइलबद्दल होती. पण मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला त्या दिवसांचं काही आठवतं का ते बघत होते. अलगद लिहून झालं आणि वडील आजारी पडले. मी गावी गेले. फाइल गुरुजींच्या हातात देऊन गेले, कागदात गुंडाळलेलं काहीतरी शेजाऱ्यांकडे ठेवावं तशी. वडिलांच्या उशाशी बसून मी मनात लिफ्ट थांबवत असे. त्यांचा श्वास वर जायचा, खाली यायचा, आणि खाली येताना मी माझं वळण त्याला लावून बघायची, असा उतरला तर त्यांना त्रास होणार नाही, असा. ते गेले. मी परत आले तेव्हा गुरुजी कंपनीच्या दारात उभे होते. ते कधी दारात उभे राहत नाहीत. म्हणाले, लागलं बरं का तुझं. चालतंय. चल, दाखवतो. टेस्टिंगचा मनोरा आमच्या आवाराच्या मागे आहे, नुसता लिफ्टसाठी बांधलेला, त्यात खोल्या नाहीत, माणसं राहत नाहीत, आम्ही त्याला उलटी विहीर म्हणायचो. तिथे वाळूच्या गोण्यांशेजारी एक उंच, ओठ मिटलेला मुलगा उभा होता, ज्याच्याबद्दल सगळे सांगत की याला यंत्रं लागत नाहीत, हा डोळे मिटून उभा राहतो आणि लिफ्ट कुठे अडखळली ते सांगतो. आम्ही तिघं आत शिरलो. लिफ्ट वर गेली, थांबली. त्या मुलाने डोळे उघडले आणि गुरुजींकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, तुझं थांबणं कळत नाही. वडील गेल्यानंतर मी रडले नव्हते, ती तिथे रडले, वाळूच्या गोणीवर बसून. त्या वाक्यावर मी त्याच्याशी लग्न केलं. खरंच तेवढ्यावर. लोक पत्रिका बघतात, पगार बघतात, मी एक वाक्य बघितलं. आणि आता त्या मनोऱ्यातली ती लिफ्ट मला पुन्हा दिसत होती, पण कोपऱ्यातून, वरून, जणू मी आत नव्हतेच. तिघं उभे होते. दोघांना ठाऊक होतं.

"मॅडम, किती उरले?" आमच्या टीमचा लीड माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता. आमचा लीड माझ्या भाच्याच्या वयाचा आहे, हुशार आहे, वाईट नाही. खुर्चीमागे उभं राहून बोलतो, एवढंच.

"चुका संपल्या. इशारे आहेत थोडे."

"तपासणीवाले एकही इशारा चालवून घेत नाहीत, मॅडम. उद्या संध्याकाळपर्यंत शून्य दाखवायचंय." तो वाकला, चष्मा सारला. "हे काय, अलगद? कुणी बोलावतच नाही ना याला. डेड कोड. उडवून टाका की."

"बघते."

"बघायचंय काय त्यात? मेलेला माणूस आहे, खुर्ची अडवून बसलाय. मी तर म्हणतो पुण्यच लागेल." आणि हसून पुढे गेला. त्याला कसं ठाऊक असणार? त्याने कंपनीत आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, मॅडम, ते थांबण्याचं तुम्ही केलंय ना, सगळे सांगतात. सगळे सांगतात. कँटीनवाला सांगतो. गुरुजींच्या निरोपसमारंभात गुरुजींनी माइकवरून सांगितलं, हिचं अलगद नसतं तर आपली कंपनी आज कुठे असती? टाळ्या पडल्या. सगळ्यात शेवटपर्यंत वाजत राहिली ती माझ्या नवऱ्याची टाळी. माझी आई शेवटच्या आजारपणात स्ट्रेचरवर होती, दवाखान्याची लिफ्ट आमच्या पेटीवर चालणारी, मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, आई, ही आमची आहे, आता थांबेल बघ. आईने डोळे मिटले. दार उघडलं तेव्हा ती वॉर्डबॉयला म्हणाली, हळू ढकल की, ही माझ्या मुलीने थांबवलीय, तुला नाही यायचं तसं. हे तिचं माझ्याबद्दलचं शेवटचं बोलणं. ते मी आता कुठे ठेवू? ते कुणाचं आहे? तक्त्याचं? मला दुसऱ्या कंपनीने दोनदा बोलावलं होतं, दुप्पट पगाराने, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण ज्या लिफ्टमध्ये आपलं पाऊल थांबतं त्या लिफ्ट सोडून माणूस जातो कुठे? गुरुजींनी माझा तुकडा बदलला याचं मला काही नव्हतं. बदलतात. माझं चुकलं असेल, जड झालं असेल, मी स्वतः लोकांचे तुकडे काढून फेकलेत आणि त्यांच्यासमोर फेकलेत. पण माझं प्रेत न हलवता, त्याला कपडे चढवून, खुर्चीत बसवून, त्याच्याशी रोज बोलत राहिले हे लोक. माझ्या पाठीमागे कधीतरी एक छोटीशी बैठक झाली असणार. कुणीतरी म्हटलं असणार, तिला नको सांगायला. आणि बाकीच्यांनी माना हलवल्या असणार, चांगुलपणाने.

मी गुरुजींना फोन लावला. स्क्रीनवर तक्ता उघडा ठेवून.

"अगं, आज कशी काय आठवण?" त्यांचा आवाज पातळ झालाय आता, पण अगं तेच, लांबवलेलं.

"गुरुजी, जुना कोड नव्या कंपायलरवर चढवतेय. थांबण्याच्या भागाबद्दल विचारायचं होतं."

"थांबण्याचं? ते मला काय विचारतेस पोरी? ते तुलाच विचारायला पाहिजे लोकांनी. तुझंच आहे ते सगळं, मी नुसता शेजारी बसलेलो." अडखळले नाहीत. इतकी वर्षं बोलून बोलून वाक्य गुळगुळीत झालं होतं, नदीतल्या दगडासारखं. त्यांना आता ते खोटं वाटतही नसेल.

"गुरुजी, इथे तक्ता म्हणून एक आहे."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला.

"तक्ता... असेल. चाचणीपुरतं काही केलं असेल तेव्हा. राहून गेलं असेल. काढून टाक."

"काढू?"

मी बोट उचललं नव्हतं, की-बोर्डला हातही लावला नव्हता. पण त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांना फक्त एवढं ठाऊक होतं की मी एकदा एखादी गोष्ट काढायचं ठरवलं की काढते, आणि तो तक्ता काढला तर कुठल्यातरी इमारतीत कुठलीतरी लिफ्ट मजला ओलांडून जाईल. मी त्यांचा श्वास ऐकत होते. एक म्हातारा माणूस दोन गोष्टींच्या मध्ये उभा होता आणि मी त्याला तिथे उभं केलं होतं, आणि मला दया येत नव्हती.

"नको," शेवटी ते म्हणाले. "असू दे. जुनं आहे, कशाला हात लावतेस." आणि मग, फार हळू, "जेवलीस का?"

"हो, जेवले," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. जेवले नव्हते.

घरी नवरा ओट्याशी बटाटे सोलत होता. त्याला साल अखंड काढायची सवय आहे, एका बटाट्याची एकच लांब फीत, ती तुटली तर त्याला मनापासून वाईट वाटतं. खिडकीत अजून उजेड होता. मी पर्स खुर्चीला अडकवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "अलगद कधी काढलं रे?"

सुरी थांबली नाही. फीत लांबत राहिली.

"कुणी सांगितलं?"

"कंपायलरने."

"आता तोही चुगल्या करायला लागला का," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून त्याने बटाटा खाली ठेवला. साल त्याला लटकतच होती. "बस जरा."

"उभीच ठीक आहे."

"पूर्ण वजन घातलं की तुझं उत्तर उशिरा यायचं," तो म्हणाला. "चिपला एवढा हिशोब झेपायचा नाही. उत्तर यायच्या आत लिफ्ट बोटभर खाली गेलेली असायची. मी स्वतः आत होतो, गोण्यांबरोबर. गुरुजींनी मग तो तक्ता बसवला. तू वडिलांपाशी होतीस. म्हणाले, ती आली की सांगू. तू आलीस, तर तुझं तोंड बघून कुणाची छाती होती सांगायची?"

"आणि नंतर?"

"नंतर... नंतरच होत गेलं."

"तू मला म्हणालास, तुझं थांबणं कळत नाही."

"थांबलेलं कळलं नव्हतंच. ते खरं होतं."

"तुझं म्हणालास तू."

"मग काय म्हणू?" त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "गुरुजींचं थांबणं फार छान आहे म्हणू? ते ऐकून केलं असतंस लग्न?" मग तो हसायचा प्रयत्न करून थांबला. "हे बघ. मी तोंडाने खोटं बोललो असेन. सगळेच बोललो. पण माझे पाय कधी खोटं बोलले नाहीत. लिफ्ट जशी होती तशी सांगितली. कंपनीत कुणालाही विचार." मग ओल्या हाताने त्याने माझं मनगट धरलं. "आणि आता काय अडचण आहे? नवी चिप केवढी पळते. तुझं आरामात चालेल. उद्या लाव ना, मनोऱ्यात. मी उभा राहतो. मी सांगतो तुला खरं काय ते." त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटत होतं उपाय सापडला. मी मनगट सोडवून घेतलं आणि आत गेले. आतून मला ऐकू येत होतं, त्याने बटाटा पुन्हा उचलला आणि सोलायला लागला, आणि थोड्या वेळाने एक बारीक च्च ऐकू आलं. फीत तुटली असावी.

पुन्हा.

सकाळी बाकीचे सगळे इशारे काढून मी दोन फाइली घेऊन मनोऱ्यात गेले. एकीत तक्ता, कालपर्यंत होता तसा. दुसरीत मी गुरुजींच्या फाइलमध्ये हात घालून एकच शब्द बदलला होता, तक्त्याच्या जागी अलगद. बदलल्यावर कंपाइल केलं तर पिवळी ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी दुसरी आली, तक्ता लिहिलेलं आहे, कुठेही वापरलेलं नाही. कंपायलरला काय? त्याला वाचून दाखवायला एक नाव लागतं, कुणाचंही. नव्या चिपच्या पेटीत माझी फाइल चढवली, मजल्यापासून मजल्यापर्यंत रिकामी लिफ्ट काही वेळ वरखाली जाऊ दिली, मग मनोऱ्यातल्या माणसांना सांगून पूर्ण वजन भरलं आणि गोण्यांच्या मध्ये, जेमतेम दोन पावलांच्या जागेत, एकटी उभी राहिले. दार लागलं. वाळूचा कोरडा वास, गोणपाटाचा वास. लिफ्ट सुटली. मी डोळे मिटले, आणि मला कळलं की मी घाबरलेय, लिफ्टला नाही. वर मजला जवळ यायला लागला. वेग ओसरायला लागला, एकसारखा, कुठेही न थबकता, कागदावर मांडलं होतं तसा, पाणी आटावं तसा. आणि थांबली. दार उघडलं, उंबरठा आणि मजला एका रेषेत. बरोबर होतं. नुसतं बरोबर नाही, सुंदर होतं, तरुण होतं ते, त्यात सव्वीस वर्षांच्या मुलीचा ताठा होता. आणि माझे पाय वाट बघत उभे होते. ते किंचित थबकणं, ते सोडून देणं, शेवटचं लाजणं, त्याची. ते आलंच नाही. जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं वाटून पाऊल अंधारात टाकावं, तसं झालं मला. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. पुन्हा. माझं मला परकं लागत होतं, आणि ज्याची मला शरम वाटत होती ते असं होतं की मला त्या दुसऱ्याची आठवण येत होती. माझ्याकडून एवढंही काढून घेतलं होतं यांनी. ते थांबणं खरंच माझं असतं तर मला कसं वाटलं असतं, ते.

मी लिफ्टमधून बाहेर आले आणि पेटीत पहिली फाइल चढवली. तक्त्याची. लीडने मनोऱ्यात मंजूर केलेलंच ठेवा असं सांगितलं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते कारण होतंही. एवढ्यात नवरा आला. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. लग्नाच्या वाढदिवसाला घालतो तो. मनोऱ्यातल्या पोरांनी त्याला बघून शिट्टी घातली, काका, आज मुलाखत आहे का? तो म्हणाला, हो, बायकोकडे, पास झालो तर ठेवून घेईल. सगळे हसले. माझ्याजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "लावलंस?"

"हं," मी म्हटलं.

खरं तर तेव्हाच सांगता आलं असतं. थांब, मी आत्ताच बदललंय, परत माझं चढवू दे. तोंड उघडलंही असेल मी. पण तो आधीच आत जाऊन गोण्यांमध्ये उभा राहिला होता, पाय थोडे फाकवून, पंजे सैल, त्याची ती जुनी उभं राहायची पद्धत. मला जागा व्हावी म्हणून त्याने अंग चोरलं. मी आत गेले, दार लागलं, आणि आता सांगणं म्हणजे बोलावं लागलं असतं, आणि लिफ्ट चालू असताना आम्ही दोघंही कधी बोलत नाही. त्याने डोळे मिटले. मी नाही मिटले. मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कानांमागे पांढरं झालंय, गळ्याची कातडी सैल पडलीय, पण डोळे मिटले की तो अजून तोच मुलगा दिसतो, ज्याला यंत्रं लागत नाहीत. लिफ्ट वर निघाली. मला वाटत होतं, त्याने डोळे उघडावेत आणि म्हणावं, अगं, काहीतरी चुकलंय, हा तर तक्ता आहे. हसून म्हणावं, रागाने म्हणावं, कसंही. म्हणजे निदान ते पाय खरे होते असं होईल. म्हणजे गोणीवर बसून रडलेली ती मुलगी अगदीच रस्त्यावर यायची नाही. मजला जवळ आला. किंचित थबकली. माझ्या पायांनी ओळखलं, माझा ऊर भरून आला, त्या निर्लज्ज पायांना कोण काय सांगणार? सोडून दिलं. टेकली.

दार उघडलं. तो डोळे मिटूनच उभा राहिला, क्षणभर जास्तच. पापण्यांखाली ओलं झालं होतं.

"हे वेगळं आहे," तो म्हणाला. "काय सांगू तुला. गुरुजींच्यात एक अडखळ होती, ती नाही यात. हे मऊ आहे. इतकी वर्षं उगाच..."

तो पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलत होता, की त्याच्या पायांना कधी काही कळतच नव्हतं? या दोहोंत माझ्यासाठी वाईट काय, ते मी ठरवू बघत होते आणि ठरत नव्हतं. बाहेर पोरं गोण्या मोजत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, काका, पास की नापास? त्याने डोळे न उघडता हात वर केला, अंगठा दाखवला, आणि तोच हात खाली आणून चाचपडत माझा खांदा शोधला.

"हेच घाल आता," तो म्हणाला. "ऐक माझं. तपासणीवाल्यांना मी सांगतो हवं तर. आता हेच राहू दे कायमचं."

"हेच आहे," मी म्हटलं.

मग मी वर ऑफिसात गेले आणि अलगद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत निवडून पुसलं. कंपाइल केलं. एकही इशारा आला नाही.